एक ते तीन

माझ्या पाळणाघरात नियम एकच आहे. झोपलेल्या मुलाला उठवायचं नाही. आई दारात ताटकळत असो, बाप बाहेर हॉर्न वाजवत असो, मूल आपणहून डोळे उघडेपर्यंत सगळ्यांनी चपला हातात घेऊन थांबायचं. एकदा एका बापाला कुठलीशी गाडी पकडायची होती. तो म्हणाला, "मावशी, उचलून नेतो, गाडीत झोपेल." मी म्हटलं, "तुमची गाडी चुकली तर दुसरी येते, हिची झोप मोडली तर संध्याकाळ माझ्या डोक्यावर येते." थांबला बिचारा. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत, हट्टाशिवाय बारा मुलं सांभाळून होत नाहीत.

आमची गल्ली तशी कामाची. तोंडाशी पिठाची गिरणी, मग सुताराचं दुकान, मग माझ्या दिराचा पत्र्याचा कारखाना आणि शेवटी, जिथे गल्ली सरकारी मोकळ्या जागेच्या कुंपणाला जाऊन संपते, तिथे माझं घर. समोरच्या खोलीत पाळणाघर. कारखाना हा भाऊजींचा शब्द. एक खोली, एक पत्रा कापायचं मशीन, दोन हातोडे आणि स्वतः भाऊजी, एवढाच तो कारखाना. पण आवाज मात्र दहा कारखान्यांचा. सकाळी गल्लीत उभं राहून कुणाला "बरं आहे ना" विचारायचं तरी ओरडावं लागतं.

पण दुपारी एक वाजला की सगळं बंद. गिरणीचा पट्टा उतरतो, सुताराची करवत थांबते, भाऊजी हातोडा खाली ठेवतात. तीनपर्यंत गल्लीत पाण्याचा नळ टपटपला तरी ऐकू येतो. हे आपोआप झालेलं नाही. पाळणाघर सुरू केलं तेव्हा मी पदर खोचून प्रत्येकाच्या दारात गेले होते. गिरणीवाला म्हणाला होता, "तुमची पोरं झोपवायला मी गिरणी बंद ठेवू? मग मी काय करू, अंगाई म्हणू?" पुढे त्याचाच नातू माझ्याकडे यायला लागला, तेव्हा त्याने न सांगता पट्टा उतरवला. मग दुपारच्या झोपेची चटक त्या सगळ्या बाप्यांनाच लागली. आता कुणा नवीन गिऱ्हाइकाने दोन वाजता येऊन दार ठोठावलं तर तेच त्याच्या अंगावर धावून जातात, तोंडावर बोट ठेवून.

माझ्याकडे सध्याची सगळ्यात लहान म्हणजे मुंगी. तिची आई रुग्णालयात नर्स आहे. मुंगी वेळेआधी जन्मली, एवढीशी होती, म्हणून मीच ते नाव ठेवलं. ती आवाजाला फार दचकते. ताटली पडली तरी दोन्ही हात हवेत, श्वास आत, आणि मग जे रडणं सुरू होतं ते थांबता थांबत नाही. तिला दुपारी सलग झोप लागायला लागली तेव्हा तिची आई माझा हात धरून रडली होती. आम्हा दोघींचा जीव त्या दोन तासांत अडकलेला असतो.

तर त्या मोकळ्या जागेत सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन येणार असं ठरलं. आधीच सांगते, माझा त्याला विरोध नव्हता. गटार तुंबलं की सगळ्यात आधी पाणी माझ्याच मोरीतून वर येतं. पंप हवेत, लवकर हवेत, असंच मी म्हणत होते. फक्त ते माझ्या भिंतीला खेटून होते आणि डिझेलवर चालणारे होते. सरकारी कार्यालयातून एक माणूस कुंपणावर नोटीस लावायला आला, त्याला मी विचारलं, "आवाजाचं काय?" तो म्हणाला, "पर्यावरणाचा अभ्यास होणार आहे ना. आधी आवाज मोजतील, मग अहवाल येईल, मग तुम्ही हरकती नोंदवा. सगळं रीतसर आहे." रीतसर हा शब्द ऐकला की मला बरं वाटायचं. तेव्हा वाटायचं.

रात्री जेवताना मी भाऊजींना सहज सांगितलं की मंगळवारी दुपारी आवाज मोजायला माणूस येणार आहे. माझं बोलणं एवढंच. भाऊजींच्या डोक्यात मात्र मशीन सुरू झालं. त्यांनी सुताराला गाठलं, सुताराने गिरणीवाल्याला. तिघांचं एकमत झालं की या गल्लीला आधीच किती आवाज सोसावा लागतो हे त्या माणसाला एकदा दाखवून द्यायचं. इतका आवाज आहे म्हटल्यावर यांच्यावर आणखी कोण लादेल? ऐकायला किती बरोबर वाटतं! मलाही कुणी सांगितलं असतं तर कदाचित पटलं असतं. पण मला सांगितलं नाही, कारण मी एक ते तीनच्या मध्ये काहीही करू दिलं नसतं.

मंगळवारी मुलं झोपली. मुंगी सगळ्यांत शेवटी झोपली. मी जरा टेकले आणि दीडच्या सुमाराला गल्लीत जणू भूकंप झाला. गिरणीवाला गिरणी रिकामीच फिरवत होता. सुतार लाकूड न लावताच करवत चालवत होता आणि भाऊजी दारात एक अख्खा पत्रा टांगून त्याला दोन्ही हातांनी बडवत होते. बाराच्या बारा मुलं उठली. बारा मुलं एकदम रडतात तेव्हा काय होतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

मी मुंगीला काखोटीला मारून बाहेर आले. गल्लीच्या मधोमध एक बारीकसा तरुण उभा होता. समोर तीन पायांचं तिकाटणं, त्यावर केसाळ टोपडं घातलेला माईक, गळ्यात कागद अडकवलेली फळी. मी भाऊजींना ओरडून सांगितलं, "बंद करा! वेड लागलंय का?" त्यांना ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडे बघून हसले आणि आणखी जोरात बडवायला लागले. मी त्या तरुणाकडे वळून हातवारे केले, आकाशाकडे बोट दाखवलं, कपाळावर हात मारला. त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. पुढे मला कळलं की त्याने लिहिलं होतं, 'सध्याच्या आवाजाने रहिवासी त्रस्त.'

मोजून झाल्यावर त्याने गिरणीवाल्याला विचारलं, "रोज असाच आवाज असतो का?"

"रोज!" गिरणीवाला छाती पुढे काढून म्हणाला. "आज तर कमी आहे."

तो गेल्यावर तिघं माझ्या ओट्यावर येऊन बसले, लढाई जिंकून आल्यासारखे. घामाने निथळत होते. भाऊजींच्या तळहाताला फोड आला होता. मी त्यांना पाणी दिलं. मुंगी त्या दिवशी आई येईपर्यंत हुंदके देत होती.

अहवाल आला तेव्हा तो वाचायला कार्यालयात जावं लागलं. घरी न्यायची परवानगी नव्हती. एका कोपऱ्यात टेबल, टेबलावर तो जाडजूड ग्रंथ, आणि समोर एक कारकून, जो दर थोड्या वेळाने घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघायचा. मी मुलं जावेच्या हवाली करून आले होते, म्हणजे माझंही अर्धं लक्ष घरीच. मासे, झाडं, धूळ, वास अशी प्रकरणं उलटत आवाजाच्या पानावर पोचले. तिथे आमच्या गल्लीचा आकडा होता. बाजूला लिहिलं होतं की ही पातळी शहरातल्या मोठ्या चौकाच्या जवळपास आहे.

खाली गणित होतं. ते गणित इतकं सोपं होतं की माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. स्टेशनमुळे आवाज किती वाढेल हे सध्याच्या आवाजावरून ठरवायचं. गल्ली शांत असेल तर वाढ मोठी, आणि वाढ मोठी असेल तर स्टेशन आणि माझं घर यांच्यामध्ये आवाज अडवणारी उंच भिंत बांधणं सरकारला सक्तीचं. गल्ली आधीच गोंगाटाची असेल तर वाढ नगण्य. आमची वाढ नगण्य होती. 'भिंतीची आवश्यकता नाही,' असं शेवटी लिहिलं होतं. म्हणजे ती भिंत आम्हाला मिळणारच होती. फक्त नेहमीसारखं झोपायचं होतं. या तिघांनी घाम गाळून ती घालवली.

"हे चुकीचं आहे," मी कारकुनाला म्हटलं.

"चुकीचं असेल तर हरकत नोंदवा," तो म्हणाला. "सुनावणीत बोला. तीन मिनिटं मिळतात."

घरी येऊन मी भाऊजींना सगळं सांगितलं. आधी त्यांना पटेना. "म्हणजे ज्याला त्रास जास्त त्यालाच आणखी त्रास द्यायचा? हा कुठला न्याय?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. प्रश्न चुकीचा नव्हता, पण माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी म्हटलं, "न्यायाचं नंतर बघू, भाऊजी. आधी त्या सुनावणीत उभं राहून सांगा की तुम्ही मुद्दाम वाजवलंत." ते तळहातावरच्या बऱ्या झालेल्या फोडाची कातडी सोलत बसले. मग म्हणाले, "सांगतो, वहिनी. नाक कापून घ्यायचं तर घेतो."

सुनावणी एका मोठ्या सभागृहात होती. स्टेजवर लांब टेबल. मध्ये अध्यक्षबाई, एका बाजूला अहवाल लिहिणाऱ्या कंपनीचे सल्लागार, दुसऱ्या बाजूला प्रत्येक शब्द टिपून घेणारी एक मुलगी. समोर माईक आणि त्याच्या शेजारी दिवा. हिरवा असेपर्यंत बोलायचं, पिवळा झाला की आवरायचं, लाल झाला की माईक आपोआप बंद. माझ्याआधी एक गृहस्थ पक्ष्यांबद्दल बोलत होते. त्यांचा माईक 'आणि म्हणूनच माझी मुख्य मागणी' इथे बंद पडला. ते तसेच ओठ हलवत राहिले.

माझी पाळी आली. मी आदल्या दिवशी भांडी घासताना सगळं पाठ केलं होतं. मी सांगितलं की आमच्या गल्लीत दुपारी एक ते तीन सगळी दुकानं बंद असतात, एकही मशीन चालत नाही, कारण माझ्याकडची मुलं झोपतात. ही रीत कित्येक वर्षांची आहे. तुम्ही मोजलात तो एका दिवसाचा तमाशा होता. कधीही या, न सांगता या, आणि एक ते तीन या वेळात पुन्हा मोजा. आणि ती भिंत आम्हाला द्या. मी 'एक ते तीन' चार-पाच वेळा तरी म्हणाले असेन. मनात धाकधूक होती की ही महत्त्वाची गोष्ट त्या मुलीच्या टिपणातून सुटायला नको.

मग भाऊजी उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "साहेब, बाई, तो आवाज आम्ही मुद्दाम केला," ते म्हणाले. "मी स्वतः पत्रा बडवला. आमची चूक झाली. आमच्या चुकीची शिक्षा लेकरांना नको." एवढं बोलून ते खाली मान घालून उभे राहिले. दिवा अजून हिरवाच होता.

सल्लागारांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे तुम्ही अधिकृत मोजणीच्या वेळी दिशाभूल केली असं तुमचं म्हणणं आहे?"

"दिशाभूल नाही हो. वाजवलं."

सभागृहात हशा पिकला. भाऊजींचे कान लाल झाले.

"मग तेव्हा खरं होतं की आता खरं आहे?" सल्लागारांनी विचारलं.

मी जागेवरून ओरडले, "उद्या दुपारी येऊन बघा ना! खरंखोटं कळेल!"

अध्यक्षबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमचा वेळ संपलेला आहे. तुमची सूचना नोंदवली आहे. प्रत्येक सूचनेला अंतिम अहवालात उत्तर दिलं जाईल." त्या उद्धट असत्या तर मला भांडता आलं असतं. गोड बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, हे मला अजून जमलेलं नाही.

त्यानंतर महिनोन्महिने काही नाही. मी फोन करायचे, तर पलीकडून 'प्रक्रियेत आहे' असं उत्तर यायचं. दोनदा कार्यालयात जाऊन आले, तोच कारकून, तेच घड्याळ. एकदा त्याने मला ओळखून विचारलं, "काय मावशी, झोपली का पोरं?" मी हसले नाही. मागे कुंपणाच्या आत खोदकाम सुरूही झालं होतं. सुतार म्हणाला, "अजून निर्णय व्हायचाय ना?" मी म्हटलं, "निर्णय व्हायचाय, खड्डा झालाय."

अंतिम अहवाल आला तेव्हा भाऊजी माझ्याबरोबर आले. आम्ही दोघं त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी शाळेतल्या मुलांसारखे शेजारी शेजारी बसलो. शेवटच्या भागात डावीकडे लोकांच्या सूचना आणि उजवीकडे उत्तरं होती. आधी भाऊजींची सूचना सापडली. 'मोजणीच्या वेळी कार्यशाळांनी हेतुपुरस्सर आवाज केला.' समोर उत्तर होतं, 'सूचना मान्य. यावरून सदर गल्लीतील यंत्रे हा आवाज निर्माण करू शकतात हे स्पष्ट होते. मोजलेली पातळी योग्य.'

भाऊजींनी ते दोनदा वाचलं. "मान्य म्हणतात की," ते म्हणाले.

"पुढे वाचा."

त्यांनी पुढे वाचलं आणि त्यांच्या तोंडाचा चंबू झाला.

मग माझी सूचना. खरं सांगते, तोवर माझ्या मनात एक आशेचा तुकडा शिल्लक होता. मी खोटं बोलले नव्हते, काही बडवलं नव्हतं, शांतपणे एक गोष्ट सांगितली होती. डावीकडे लिहिलं होतं, 'दुपारी एक ते तीन या वेळेत गल्लीतील सर्व यंत्रे बंद असतात.' उजवीकडे उत्तर होतं.

'अत्यंत उपयुक्त सूचना. स्वीकारण्यात येत आहे. टाकी रिकामी करण्यासाठी मोठे पंप दिवसातून दोन तास चालवणे आवश्यक असून त्यांची वेळ निश्चित झालेली नव्हती. गल्लीतील यंत्रे व पंप एकाच वेळी चालल्यास एकत्रित आवाज वाढेल. तो टाळण्यासाठी पंप दररोज दुपारी एक ते तीन या वेळेत चालवण्यात येतील. सूचनाकर्त्यांचे आभार.'

मला वाटलं मीच चुकीचं वाचलं. बोट ठेवून पुन्हा वाचलं. मुलांची झोप कुठेच नव्हती. मी जे जे सांगितलं त्यातली फक्त वेळ त्यांनी उचलली होती. शेकडो लोकांनी सूचना दिल्या होत्या, पक्षीवाल्या गृहस्थांना तर 'नोंद घेतली' एवढंच मिळालं होतं. सगळ्या अहवालात सरकारने मनापासून ऐकलेली एकच सूचना होती, आणि ती माझी होती. तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या कारकुनासमोर तो ग्रंथ आपटला. तो दचकला आणि म्हणाला, "मावशी, सरकारी मालमत्ता आहे."

परत येताना भाऊजी गल्लीच्या तोंडाशी थांबून एवढंच म्हणाले, "वहिनी, मी तो पत्रा टांगलाच नसता तर." राग होता, पण त्यांच्या वाट्याचा संपला होता.

पंप सुरू झाले. सकाळपासून गल्ली आपल्या आवाजात काम करते, एक वाजला की सवयीने सगळं थांबतं आणि कुंपणापलीकडून धडधड सुरू होते. खोलीतल्या खिडक्या थरथरतात. मी मुलांना अकरालाच झोपवून पाहिलं. त्यासाठी तिघांनी अकरापासून दुकानं बंद ठेवली, न सांगता. पण मुलांचं पोट आणि झोप काही कार्यालयाच्या वेळापत्रकावर चालत नाही. अकराला ती उड्या मारायची आणि दीडला डोळे चोळत रडायची. मोठी मुलं हळूहळू सरावली. मुंगी नाही सरावली. पंप सुरू झाला की तिचे हात हवेत जायचे. दोन आठवड्यांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. एवढ्याशा मुलीच्या डोळ्यांखाली! तिची आई म्हणाली, "मावशी, दुसरीकडे बघावं का हो?" विचारताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला दुसरीकडे परवडणारं नव्हतं आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

अहवालात शेवटची एक ओळ होती, आणि मी तिला धरून बसले होते. स्टेशन सुरू झाल्यावर एकदा प्रत्यक्ष मोजणी व्हायची होती. आवाज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, तर भिंत बांधावीच लागणार होती. मर्यादा अर्थात आमच्या त्या तमाशाच्या आकड्यावरूनच ठरवलेली. तरी पंप काही कमी नव्हते. मी रोज भिंतीला कान लावून म्हणायचे, याहून मोठा आवाज तो काय असणार.

तोच बारीक तरुण आला. तेच तिकाटणं, तेच केसाळ टोपडं. या वेळी कानांत बोळे होते. त्याने माझ्या ओट्यासमोर माईक लावला. पंप चालू होते आणि मुंगी माझ्या खांद्यावर जिवाच्या आकांताने रडत होती. भाऊजी, सुतार, गिरणीवाला आपापल्या दारात उभे होते, हात मागे बांधून, कुणीही कशाला हात न लावता. भाऊजींनी लांबून खुणेने विचारलं, वाजवू का? मी नको म्हणून मान हलवली. आता वाजवलं असतं तर तो आवाज गल्लीच्याच नावावर गेला असता.

तरुणाने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कानातला एक बोळा काढला. "बाई, मर्यादेच्या अगदी काठावर आहे," तो म्हणाला. "हिला जरा आत नेता का? रडणं मोजणीत येतंय."

"येऊ दे. पंपामुळेच रडतेय ती."

"तसं धरता येत नाही. फक्त पंपाचा आवाज घ्यायचा असतो."

"त्या दिवशी बारा पोरं रडत होती. ती धरलीस ना?"

तो ओशाळला. पोरगा वाईट नव्हता. "त्या दिवशी ते सध्याच्या आवाजात मोडत होतं," तो म्हणाला. "आज ते बाहेरचं आहे. मी थांबतो, तुम्ही सावकाश न्या."

"मी हलणार नाही," मी म्हटलं. "ही रडत राहील, मी इथेच उभी राहीन. बघू तू किती थांबतोस."

तो खरंच थांबला. बटणावर अंगठा ठेवून, भिंतीला टेकून, शांतपणे. मी मुंगीला घेऊन माईकच्या आणखी जवळ सरकले. तिला थोपटलं नाही, गुणगुणले नाही. आयुष्यात पहिल्यांदा रडणाऱ्या मुलाला मी रडू दिलं. ती रडली, खोकली, पुन्हा रडली. तीनपर्यंत काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तीनला पंप बंद होतात, मग याला मोजायला काही उरत नाही, मग पुन्हा यावं लागेल, आणि तेव्हाही मी इथेच उभी राहीन.

मग तिचा आवाज बारीक झाला. हुंदक्यांमधलं अंतर वाढलं. तिची मूठ माझ्या पदरावरून सुटली आणि तिचं डोकं माझ्या मानेत पडलं, सगळ्या भारासकट. इतक्या आठवड्यांत त्या धडधडीत ती एकदाही झोपली नव्हती. आज दमून झोपली.

तरुणाने नुसत्या ओठांनी विचारलं, "झोपली?"

भाऊजी दारातून बघत होते. त्यांनी दोन बोटं जुळवून हळूच चिमटा काढल्याची खूण केली. एक चिमटा पुरला असता. तिने टाहो फोडला असता, आकडा काठावरून पलीकडे गेला असता. याने तो खोडला असता, तरी निदान आजची मोजणी तरी टळली असती. माझा हात तिच्या पायापाशी गेला. पाय गरम होता, घामेजलेला. तिचा श्वास माझ्या गळ्यावर संथ लागत होता.

तरुणाने बटण दाबलं.

मी हात तिच्या पाठीवर नेला, पायातल्या चपला आवाज न करता काढल्या आणि त्याचं मोजून होईपर्यंत तशीच उभी राहिले.